पूड क्रमांक १७

जपानमधल्या न्यूरोसर्जनच्या औषधचिठ्ठीवर १७ हा आकडा बऱ्याचदा दिसतो. त्सुमुरा कंपनीच्या 'गोरेइसान' या औषधाचा तो क्रमांक. हे औषध काम्पो वैद्यकातलं, म्हणजे चीनमधून आलेल्या आणि जपानने आपलंसं केलेल्या परंपरेतलं. पाणथळीतल्या एका वनस्पतीचा कंद, सूर्यफुलाच्या कुळातल्या एका वनस्पतीचं जमिनीखालचं खोड, झाडांच्या मुळांवर वाढणाऱ्या दोन बुरश्या आणि आपली दालचिनी, असे त्यात पाच घटक. सुमारे १८०० वर्षांपूर्वी झांग झोंगजिंग या चिनी वैद्याने हा पाठ सांगितला तो तहान लागते पण लघवी होत नाही, प्यालेलं पाणी उलटून पडतं, अशा रोग्यासाठी. आज न्यूरोसर्जन ते देतात डोक्यात साचलेल्या रक्तासाठी, आणि त्याचा तिथे उल्लेखही नाही.

ते रक्त साचतं कसं? वयाबरोबर मेंदू थोडा आक्रसतो. त्याच्या पृष्ठभागावरून बाहेरच्या जाड आवरणाकडे जाणाऱ्या शिरा ताणल्या जातात आणि दाराची चौकट लागण्याएवढ्या माराने एखादी फाटते. रक्त थोडंच येतं. पण शरीर त्याभोवती पडदा विणतं, त्या पडद्यात नव्या, कच्च्या रक्तवाहिन्या फुटतात आणि त्या झिरपत राहतात. रक्ताचा पातळ, काळपट साठा आठवड्यागणिक वाढतो. वैद्यकात याला क्रॉनिक सबड्युरल हिमॅटोमा म्हणतात. रूढ उपचार म्हणजे कवटीला छोटं भोक पाडून साठा काढून टाकणं. अडचण एवढीच, की काहींच्या डोक्यात तो पुन्हा भरतो.

गोरेइसान इथे उपयोगी पडेल, असं वाटण्यामागे ॲक्वापोरिन आहेत. पेशीच्या पातळ आवरणातून पाणी आत-बाहेर नेणारी ही प्रथिनं. त्यांच्या शोधासाठी पीटर ॲग्री यांना २००३चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. साठ्याभोवतीच्या पडद्यातही ती सापडली आहेत आणि गोरेइसान त्यातल्या काहींना अडवतं, असं जपानी औषधशास्त्रज्ञ योइचिरो इसोहामा यांचं प्रयोगशाळेतलं काम सांगतं. माणसाच्या डोक्यात नेमकं हेच घडतं का, हा वेगळा प्रश्न.

काम्पो औषधं जपानच्या राष्ट्रीय आरोग्य विम्यात बसतात. त्यामुळे ती रुग्णालयाच्या दप्तरात नोंदली जातात, आणि मला सगळ्यात मोलाची गोष्ट ही वाटते. २०१५मध्ये तिथल्या संशोधकांनी शस्त्रक्रिया झालेल्या ३६ हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी चाळल्या. सारख्या प्रकृतीच्या रुग्णांच्या जोड्या लावल्या, तेव्हा गोरेइसान घेणाऱ्यांत पुन्हा शस्त्रक्रियेची वेळ आली ४.८ टक्क्यांवर, न घेणाऱ्यांत ६.२ टक्क्यांवर. फरक आहे, पण शंभरात दीडही नाही. पुढे अनेक रुग्णालयांत मिळून चाचणी झाली. तिच्यात सरसकट सगळ्या रुग्णांचा हिशेब मांडल्यावर ठाम फायदा दिसला नाही.

पुन्हा भोक पाडावं लागलं नाही म्हणजे रुग्ण बरा झाला, हे समीकरणही फसवं आहे. २०२०च्या ब्रिटिश चाचणीत डेक्सामिथासोन या स्टेरॉइडने दुसऱ्या शस्त्रक्रियेचं प्रमाण ७.१ टक्क्यांवरून १.७वर आणलं. तरी सहा महिन्यांनी चांगल्या स्थितीत असलेले रुग्ण स्टेरॉइडच्या गटातच कमी निघाले. आणि झाडपाल्याचं म्हणून निर्धोक असंही नाही. शोसाइकोतो या काम्पो औषधाने फुफ्फुसाला सूज येऊन मृत्यू झाल्यावर जपान सरकारला १९९६मध्ये तातडीचा इशारा द्यावा लागला होता.

तेव्हा गोरेइसानची जागा मर्यादित आहे. साठा लहान आहे, त्रास फारसा नाही, डॉक्टर वारंवार स्कॅन करून लक्ष ठेवून आहेत, किंवा शस्त्रक्रिया उरकली आहे, अशा वेळी जोडीला. मेंदू दाबला जात असेल तर चूर्णाने भागत नाही.

घरात कुणी म्हातारं माणूस पडलं असेल, त्यातून रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर पुढचे दोन-तीन महिने लक्ष ठेवा. डोकं सतत दुखतं, एका पायातली चप्पल निसटते, बोलण्यात घोळ होतो, दिवसा झापड येते, यातलं काही दिसलं तर 'वय झालं' म्हणून सोडून देऊ नका. कुठलाही काढा उकळत न बसता त्याच दिवशी रुग्णालय गाठा, सीटी स्कॅन करून घ्या, आणि पडल्याचं व गोळ्यांचं डॉक्टरांना आधी सांगा.