मरुभूमीतील रस्त्यांच्या भरावांची धूप व तिचे निवारण

ज्या प्रदेशात पाऊस फार पडतो तेथेच धूप फार होते, असा सर्वसाधारण समज आहे. राजस्थानातील थरच्या मरुभूमीकडे पाहिले असता हा समज किती अपुरा आहे हे दिसून येते. जैसलमेर जिल्ह्याच्या बऱ्याच भागात वर्षाला २०० मिलीमीटरहूनही कमी पाऊस पडतो. तरीसुद्धा तेथील महामार्गांच्या भरावांना वाऱ्याप्रमाणेच पावसापासूनही मोठा धोका असतो. याचे कारण असे की, तेथील पाऊस थोडा असला तरी तो थोड्या दिवसांतच, आणि पुष्कळदा काही तासांतच, जोराच्या सरींनी कोसळतो. त्या वेळी जमिनीवर गवताचे आच्छादन नसते आणि भराव बहुधा सुट्या वाळूचा असतो.

ऑगस्ट २००६ मध्ये बाडमेर जिल्ह्यात जी अतिवृष्टी झाली, ती या बाबतीत विसरता येण्यासारखी नाही. वर्षभराच्या सरासरीहून कितीतरी अधिक पाऊस अवघ्या काही दिवसांत पडला. कवास हे गाव पाण्याखाली गेले. जमिनीखालील जिप्समच्या थरामुळे पाणी मुरेना व ते कित्येक महिने साचून राहिले. अनेक माणसे व हजारो जनावरे या पुरात दगावली. जून २०२३ मध्ये बिपरजॉय चक्रीवादळाच्या अवशेषामुळे याच भागात पुन्हा मुसळधार पाऊस झाला. मरुभूमीत रस्ता बांधताना पावसाचा विचार गौण मानून चालत नाही, हे अशा प्रसंगांवरून स्पष्ट होते.

धूप कशी होते?

भरावाची धूप तीन टप्प्यांनी होते. पावसाचा मोठा थेंब सेकंदाला सुमारे ९ मीटर वेगाने उघड्या मातीवर आदळतो व कण सुटे करतो. नंतर उतारावरून वाहणारे पाणी या सुट्या कणांचा पातळ थर वाहून नेते. हीच सालकाढी धूप होय. पुढे पाणी सोयीच्या वाटेने एकत्र येऊन ओघळी पाडते व ओघळींच्या घळी होतात. चिकणमातीचे कण एकमेकांस धरून राहतात, तर जाड रेती वजनामुळे सहसा हलत नाही. वाळूच्या टेकड्यांतील बारीक वाळूला मात्र चिकटपणाही नाही आणि वजनही नाही. त्यामुळे अशा वाळूचा भराव पाण्यापुढे टिकाव धरू शकत नाही.

यात भर पडते ती रस्त्याच्या पाण्याची. डांबरी भाग ७ मीटर व दोन्ही बाजूपट्ट्या मिळून ५ मीटर, असा १२ मीटर रुंदीचा रस्ता धरला, तर ३० मिलीमीटर पावसात त्याच्या प्रत्येक १०० मीटर लांबीवर ३६,००० लिटर पाणी पडते. त्यातील काही भाग बाजूपट्टीत मुरतो; बाकीचे दोन्ही कडांवरून खाली उतरते. ते सगळीकडे सारखे पसरले तर फारसे बिघडत नाही. परंतु कडेला एखादा खळगा किंवा चाकोरी पडली असेल तर बरेचसे पाणी तेथेच धाव घेते. वाहत्या पाण्याचा वेग दुप्पट झाला म्हणजे त्याची खोदण्याची शक्ती चौपट होते, असा मृदसंधारणशास्त्रातील जुना ठोकताळा आहे. घळ एकदा बाजूपट्टीपर्यंत पोचली की डांबराखालची माती निसटते, कड लोंबकळू लागते आणि रात्रीच्या वेळी ही गोष्ट वाहनचालकाच्या जिवावर बेतू शकते.

बांधणीच्या वेळी घ्यावयाची काळजी

पहिला उपाय म्हणजे उतार सौम्य ठेवणे. वाळूच्या भरावास निदान २ मीटर आडवे व १ मीटर उभे असा उतार द्यावा; जागा मिळाल्यास तो याहूनही सौम्य असावा. उंच भरावात मध्येच अरुंद पायरी ठेवल्यास पाण्याचा वेग मोडतो. भराव ओलसर करून थराथराने दाबावा. पाण्याच्या टंचाईमुळे या कामात हयगय होण्याचा संभव असतो, पण जी बचत आज होते ती पहिल्याच पावसाळ्यात वाहून जाते.

दुसरा उपाय वाळूवर चिकट मातीचे किंवा मुरमाचे सुमारे ३० सेंटीमीटर जाडीचे आवरण घालणे हा होय. मात्र आवरणाची माती पारखून घेतली पाहिजे. खारवट व चोपण जमिनीची माती पाण्यात विरघळल्यासारखी विखुरते व भरावाच्या पोटात बिळे पडतात. याची परीक्षा सोपी आहे. मातीचे लहानसे ढेकूळ काचेच्या पेल्यातील पावसाच्या स्वच्छ पाण्यात न ढवळता ठेवावे. काही वेळाने ढेकळाभोवती दुधासारखा गढूळपणा पसरू लागला, तर ती माती आवरणास निरुपयोगी समजावी.

तिसरा उपाय पाण्याला ठरावीक वाट देणे हा आहे. रस्त्याच्या कडेस लहान वरंबा घालून पाणी अडवावे व ठरावीक अंतरावर दगडी किंवा काँक्रीटच्या पन्हळींतून ते खाली उतरवावे. पन्हळीच्या तोंडाशी सांधा पक्का नसला तर पाणी तिच्या बाजूने शिरते व पन्हळच अधांतरी राहते. पायथ्याशी दगडांचे पिचिंग करून त्याखाली खडीचा थर द्यावा, म्हणजे पाणी शांत होऊन बाहेर पडते व दगडांखालची वाळू निसटत नाही.

गवताचे आच्छादन

दगडी पिचिंग खात्रीचे खरे, पण शेकडो किलोमीटर लांबीवर ते परवडत नाही. कायमचा व स्वस्त उपाय म्हणजे गवत. गवताची पाती थेंबांचा मारा झेलतात आणि मुळे वाळूस जखडून ठेवतात. जोधपूर येथे १९५२ मध्ये मरुवनीकरण केंद्र सुरू झाले. त्यातूनच पुढे १९५९ मध्ये केंद्रीय शुष्क प्रदेश संशोधन संस्था आकारास आली. वाळूच्या टेकड्या स्थिर करण्याची जी पद्धत या संस्थेने रूढ केली, ती भरावांनाही लागू पडते. खींप, सिणिया यांसारख्या स्थानिक झुडपांच्या फांद्या ओळींनी अर्धवट पुरून आडोसे करावयाचे व त्यांच्या आश्रयाने गवत लावावयाचे, असे तिचे स्वरूप आहे. भरावावर या ओळी उताराला आडव्या घातल्यास वाऱ्याबरोबर पाण्याचाही वेग कमी होतो.

या प्रदेशास सेवण हे गवत सर्वांत मानवते. जेथे पाऊस थोडा अधिक आहे तेथे धामण, म्हणजे आपल्याकडील अंजन गवत, चांगले येते. बी फार हलके असल्याने ते वाऱ्याने उडून जाते. म्हणून चिकणमाती, शेण व वाळू यांत मिसळून त्याच्या लहान गोळ्या करतात आणि पावसाच्या आरंभी पेरतात. सेवणचे ठोंबही लावता येतात. गवत जीव धरीपर्यंत उतारावर ताग किंवा काथ्याची जाळी खुंट्यांनी घट्ट बसवावी. तागाची जाळी लवकर कुजते, काथ्याची दोन-तीन वर्षे टिकते. जाळी मातीस चिकटून बसली पाहिजे. अधांतरी राहिल्यास पाणी तिच्याखालून ओघळी पाडते.

येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवणे जरूर आहे. एक म्हणजे, रस्त्याच्या अगदी कडेला उंच झुडपे लावू नयेत. त्यांच्यामुळे वाऱ्याचा वेग मंदावतो व उडणारी वाळू रस्त्यावरच साठते. उतारावर ठेंगणे गवत व उंच झाडांचे पट्टे रस्त्यापासून दूर, ही मांडणी योग्य होय. दुसरे असे की, सेवण हा थारपारकर गाईंचा आवडता चारा आहे. दुष्काळात पशुपालकाला नुसती मनाई करून गवत वाचत नाही. पहिली दोन वर्षे चराई पूर्ण बंद ठेवून नंतर कापणीचा हक्क लगतच्या गावास दिल्यास राखणही होते व चाराही मिळतो.

शेतीशी असलेला संबंध

महामार्गाचा भराव हा सपाट प्रदेशात एक लांबलचक बांधच ठरतो. पसरून वाहणारे पाणी त्यास अडते, एका बाजूस तुंबते व भरावाचा पायथा पोखरते. जैसलमेरच्या भागात पालीवाल ब्राह्मणांनी पंधराव्या शतकात रूढ केलेली खडीन पद्धत आजही आढळते. खडकाळ माळावरील पाणी मातीच्या बांधाने अडवून, ओसरल्यावर त्याच ओलीवर गहू व हरभरा घेतला जातो. रस्त्याच्या भरावाने हा माळ तोडला तर खडीन कोरडी पडते. पाणी भलतीकडे वळले तर दुसऱ्याचे शेत बुडते. म्हणून पुरेशा मोऱ्या जुन्या वहाळांच्या वाटेवरच ठेवल्या पाहिजेत. त्या वाटा नकाशापेक्षा गावातील जाणत्या शेतकऱ्यास अधिक ठाऊक असतात. जादा पाण्यासाठी पक्का सांडवा ठेवल्यावाचून खडीनचा बांध पुरा होत नाही. रस्त्याच्या भरावालाही हाच नियम लागू आहे.

देखभाल

पावसाळ्यापूर्वी पन्हळी व मोऱ्या साफ कराव्यात आणि प्रत्येक मोठ्या पावसानंतर कडेची पाहणी करावी. पडलेल्या ओघळीत नुसती सैल माती टाकणे व्यर्थ होय. ती पुढच्याच सरीत वाहून जाते. ओघळीच्या बाजू पायऱ्यांसारख्या कापाव्यात, ओलसर माती थराथराने भरून धुम्मसने ठोकावी व वर गवताचे ठोंब लावावेत. तसेच पाणी तेथे का आले, याचे कारण शोधून ते आधी दूर करावे.

महाराष्ट्रात मरुभूमी नाही. परंतु अवर्षणप्रवण तालुक्यांतही पाऊस थोडा व जोराचा असाच पडतो. शेताचा बांध, शेततळ्याचा भराव किंवा वस्तीकडे जाणारा मातीचा रस्ता यांची धूप याच रीतीने होते. माथ्यावरचे पाणी ठरावीक वाटेने उतरविणे, सौम्य उतार, चांगल्या मातीचे आवरण व त्यावर गवत, हा क्रम शेतकरी बंधूंनी आपल्या बांधावरही पाळावा. ओघळ वीतभर असताना तिला एक पाटी माती पुरते. घळ झाल्यावर तेच काम गाडीभर दगडांनीही होत नाही.