कोटाची झाली फांदी

कर्जत स्टेशनात पुण्याकडे जाणाऱ्या गाडीला घाट चढायला मागून बँकर इंजिन लागेपर्यंत चार-पाच मिनिटं मोकळी मिळतात. बहुतेक जण तेवढ्यात वडा खाऊन घेतात. परवा मी त्या वेळात वहीच्या मागच्या पानावर एक चिनी अक्षर गिरवत बसले होते. एक आडवी रेघ, तिला छेदून खाली येणारी उभी, आणि त्या फुलीतून दोन्ही अंगांना उतरणाऱ्या दोन तिरक्या रेघा. झालं झाड. चिनी लिपीत झाड असंच लिहितात. हेच झाड जरा अंग चोरून डाव्या बाजूला उभं केलं, की उजवीकडे काहीही आलं तरी वाचणाऱ्याला बहुधा कळतं, हा शब्द झाडाझुडपांच्या कुळातला आहे.

मला जे नाव लिहायचं होतं त्यात तीन अक्षरं आहेत आणि पहिल्या दोन्हींत हे झाड आहे. नाव आहे के दिहुआ. माणूस आपल्या सोलापूरचा, डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस. सोलापूरहून मुंबईला येणारी रेल्वे बोरघाट उतरते ती कर्जतलाच. मुंबईत जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकणारा हा मुलगा सुट्टीला घरी जाताना याच फलाटासमोरून गेला असणार, हे मनात आलं आणि वही काढल्याशिवाय राहवलं नाही.

आधी आडनाव बघा. कोटणीस हे फडणीस, चिटणीस, पोतनीस यांच्या पंगतीतलं. शेवटचा 'नीस' फारसी 'नवीस'वरून आला, म्हणजे लिहिणारा. कोटाचं, किल्ल्याचं दप्तर सांभाळणारा तो कोटणीस. कोथळीगड आणि इर्शाळगड रोज समोर बघणाऱ्या आम्हा कर्जत-खालापूरकरांना कोट म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. चिनी माणसाला मात्र हे आडनाव आपल्या लिपीत बसवायचं तर अडचण होती. त्या लिपीत क, का, कि, की नाही. प्रत्येक अक्षर म्हणजे एक पूर्ण उच्चार आणि त्याला चिकटलेला अर्थ. परका शब्द लिहायचा तर जवळच्या उच्चाराची अक्षरं शोधायची, आणि प्रत्येक अक्षर येताना आपला अर्थ बरोबर घेऊन येणार. कोटणीसचं झालं 'के-दि-नि-सी'. मग १९३९च्या सुरुवातीला चोंगछिंगमध्ये शांतिनिकेतनच्या चीना भवनाचे प्रमुख तान युन-शान यांनी युद्धात चीनच्या मदतीला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकातल्या पाचही डॉक्टरांना चिनी नावं दिली. अटल, चोळकर, कोटणीस, बसू, मुखर्जी, प्रत्येकाच्या नावाच्या शेवटी एकच अक्षर आलं: हुआ. कोटणीसांच्या नावातले 'नि-सी' गळाले. लिहिणारा गेला, कोट राहिला.

आणि कोटाचं काय झालं? 'के' या अक्षराचा अर्थ झाडाची फांदी, कुऱ्हाडीचा दांडा. 'दि' हे वसंतात फुलणारं एक लहानसं झाड. 'हुआ' म्हणजे मुळात फूल, तेज, आणि पुढे चीन देश. त्याच्या जुन्या रूपात माथ्यावर गवताची पाती आहेत. दगडी कोटाची फुललेली फांदी झाली!

यापुढची गोष्ट मला कळली तेव्हा मी खुर्चीतून उठून उभी राहिले. 'दिहुआ', म्हणजे दि झाडाची फुलं, ही जोडी चिनी भाषेत फार जुनी आहे. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या शीजिंग या गीतसंग्रहात भावाभावांच्या मायेचं एक गाणं आहे, आणि ते सुरू होतं याच फुलांपासून. तेव्हापासून दिहुआ म्हटलं की शिकल्यासवरल्या चिनी माणसाला भावंडं आठवतात. नुसतं 'दि' हे अक्षर पत्रात धाकट्या भावासाठी लिहायची पद्धतही होती. पाच परदेशी डॉक्टर युद्धात मदतीला आले आणि त्यातल्या एकाच्या आडनावातून, निव्वळ उच्चार जुळवता जुळवता, 'भाऊ' हा शब्द निघाला.

असं होऊ शकतं, कारण चिनी नाव घडवावं लागतं. आडनावं तिथे थोडी. शंभर आडनावांत जवळपास ८५ टक्के लोक बसतात. वांग, ली आणि चांग यांचाच केवढा पसारा. आपल्याकडे उलट. गाव तितकी 'कर' लावलेली आडनावं, आणि बाळाचं नाव मात्र बहुधा तयार साठ्यातून, देवांच्या, नद्यांच्या, फुलांच्या नावांतून उचललेलं. चीनमध्ये आईबाप हजारो अक्षरांतून एक किंवा दोन निवडतात आणि जोडतात. त्यामुळे कधी कुणी ठेवलंच नव्हतं असं नाव तिथे रोज जन्मू शकतं. आणि काही जोड्या एका पिढीत गावोगाव पसरतात. १९४९ नंतर 'च्यानग्वो', देशाची उभारणी, हे नाव घरोघरी पोचलं. कोरियातल्या युद्धाच्या वर्षांत जन्मलेली मुलं 'युआनछाव' झाली, कोरियाला मदत. नावावरून वय ओळखावं.

आमच्या कर्जत-खालापूरच्या कातकरी आणि ठाकर वाड्यांवर जुन्या पिढीत सोम्या, मंगळ्या, बुध्या, बुधी ही नावं भेटतात. ज्या वारी जन्म, त्या वारचं नाव. इकडे वार, तिकडे इतिहासातलं वर्ष. माणसाला हाक मारताना काळाला हाक जाते, हे मला फार सुंदर वाटतं.

आता मुलाचं नाव. १ सप्टेंबर १९३८ला मुंबई बंदरातून निघालेले कोटणीस पुढे आठव्या रूट आर्मीबरोबर उत्तर चीनच्या डोंगरांत राहिले. जानेवारी १९४१पासून ते बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक होते. तिथेच परिचर्या शिकवणाऱ्या क्वो छिंगलान यांच्याशी त्याच वर्षी नोव्हेंबरात लग्न झालं. त्यांच्या नावातला 'लान' म्हणजे ऑर्किड. फुललेल्या फांदीची ऑर्किडशी गाठ पडली, म्हणा. ऑगस्ट १९४२मध्ये हेबेई प्रांतात मुलगा झाला.

आपल्याकडे बाळाचं नाव आत्या ठेवते, कानात कुर्रर्र करते. या बाळाच्या आत्या हजारो मैल दूर, मध्ये पेटलेलं युद्ध. नाव सुचवलं त्या भागाचे सेनापती न्ये रोंगझेन यांनी: यिनहुआ. 'यिन' म्हणजे भारत, 'हुआ' म्हणजे चीन. दोन अक्षरांत दोन देश, आणि दोघांच्या मध्ये 'आणि'सुद्धा नाही.

'हुआ' आपल्या कानावरून रोज जातो. शिन्हुआ वृत्तसंस्थेतला हुआ तोच, हुआवेई फोनमधलाही तोच. मुलांच्या नावात तर विसाव्या शतकाच्या मध्यावर तो इतका आवडता होता की आयहुआ, च्यानहुआ, ग्वोहुआ किती सापडावेत. दुर्मीळ आहे तो 'यिन'. यिनहुआ हे नाव सूर सोडून म्हटलं तर चिनी माणसाला आधी 'चांदी'चा यिन सुचेल, तो नावांत नेहमी येतो. फरक सुराचा. चांदीचा यिन वर चढतो, आपण 'हो?' विचारतो तसा. भारताचा यिन खाली आपटतो, रागावून 'चल!' म्हणावं तसा.

आणि लिहिताना हा 'यिन' म्हणजे शिक्का. त्याच्या प्राचीन रूपात वरून दाबणारा हात आणि खाली गुडघे टेकलेला माणूस दिसतो. दाबणं, छाप उमटवणं, मुद्रा. मग शिक्क्याचा भारत कसा झाला? त्याचं श्रेय ह्युएन त्संगला. त्याच्या आधी चिनी ग्रंथांत आपल्या देशाला वेगवेगळी नावं होती, 'थ्येनचू' हे त्यातलं गाजलेलं. सातव्या शतकात भारत पायाखाली घालून परतलेल्या या भिक्षूने लिहिलं की बरोबर उच्चार 'यिनतू' असा धरावा, आणि त्याचा अर्थ सांगितला चंद्र. म्हणजे आपला इंदू! सिंधूपासून आलेल्या नावात त्याला चंद्र दिसला. हाच ह्युएन त्संग पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रातही येऊन गेला. इथली माणसं उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, असं त्याने नोंदवून ठेवलं आहे. तेराशे वर्षांनी त्याच महाराष्ट्रातल्या माणसाच्या मुलाला त्यानेच रूढ केलेलं अक्षर मिळालं. शिक्का म्हणून वाचा, देश म्हणून वाचा, किंवा ह्युएन त्संगच्या कानाने चंद्र म्हणून. आणि पुढे फूल.

यिनहुआ साडेतीन महिन्यांचा असताना, ९ डिसेंबर १९४२ला, अपस्माराच्या झटक्यांनी कोटणीस गेले. वय ३२. त्यानंतर चोवीस दिवसांनी आमच्या माथेरानचे भाई कोतवाल सिद्धगडावर इंग्रजांच्या गोळीला बळी पडले. वय ३०. भाईंचं नाव आमच्याकडे पोराटोरांना पाठ आहे. डॉक्टरांची ओळख मराठी घरांत पोचली ती व्ही. शांताराम यांच्या १९४६च्या चित्रपटामुळे, पण मुलाचं नाव फार थोड्यांना ठाऊक असतं. यिनहुआही वडिलांच्या वाटेने वैद्यकीच्या अभ्यासाला लागला होता. शिक्षण पुरं व्हायच्या आत, १९६७मध्ये, तोही गेला. छिंगलान मागे राहिल्या, त्यानंतरही पंचेचाळीस वर्षं, २०१२पर्यंत. त्यांच्या आयुष्याचा विचार मनात आला की या नावाच्या अर्थाबद्दलचा माझा सगळा उत्साह जरा वेळ गप्प होतो. त्या ते नाव कशासाठी उच्चारत असतील? जेवायला ये म्हणून, ऊठ म्हणून, अभ्यास कर म्हणून.

२०१२च्या पहिल्या दिवशी सोलापुरातल्या कोटणीसांच्या घरी स्मारक उघडलं. चीनमध्ये शीच्याच्वांग शहरातल्या हुतात्मा स्मशानभूमीत डॉक्टरांचा पुतळा आहे, आणि तिथे लोक त्यांना के दिहुआ म्हणूनच ओळखतात.

सोलापूरहून रात्री निघालेली सिद्धेश्वर एक्सप्रेस पहाटे घाट उतरून कर्जत ओलांडते. आमच्या घरी ती ऐकू येते. जाग असली तर मी तेवढ्यात ते नाव पुन्हा म्हणून बघते. यिन खाली, हुआ वर. पहिला सूर अजून नीट आपटत नाही.