हातच्याची करामत

प्रोग्रॅमिंग शिकू लागलेल्यांना हमखास घातला जाणारा एक प्रश्न : दिलेली संख्या द्विमान पद्धतीत लिहिली, तर तिच्यात १ किती वेळा येतो?

सरधोपट मार्ग शाळेतल्या भागाकाराचा. संख्येला दोनने भागत जायचं, बाकी १ आली की मोजायची, भागाकार शून्य झाला की थांबायचं. ४४ घ्या. बाक्या येतात ०, ०, १, १, ०, १. उलट्या क्रमाने वाचल्या की १०११००. भागाकार सहा, एक तीन. नवशिक्याने आधी हेच लिहावं. फक्त ऋण संख्येपासून सावध! पायथनमध्ये उणे एकला दोनने पूर्णांकी भागलं की पुन्हा उणे एकच हाती येतो आणि लूप थांबतच नाही.

पण इथले तीन भागाकार नुसती शून्यं ओलांडण्यात गेले. ते वाचवणारी युक्ती पीटर वेग्नर यांनी १९६० मध्येच प्रसिद्ध केली होती. पुढे ती कर्निगन आणि रिची यांच्या सी भाषेवरच्या पुस्तकात स्वाध्याय म्हणून आली आणि आज सर्रास कर्निगन यांच्याच नावावर खपते. संख्येतून १ वजा करायचा, दोन्ही संख्या एकाखाली एक मांडायच्या, आणि दोन्हीकडे १ असेल तिथेच १ ठेवायचा.

१०११०० (४४)
१०१०११ (४३)
१०१००० (४०)

सगळ्यात उजवीकडचा १ गळाला. ४० वर हेच केलं की ३२ उरतात, ३२ वर केलं की ०. तीन फेऱ्या, तीन एक.

ही सारी करामत हातच्याची. ७५००० मधून १ वजा केला की ७४९९९ : शून्यांचे नऊ होतात, पाचाचा चार, आणि डावीकडच्या साताला धक्काही लागत नाही. द्विमानात शून्यांचे एक होतात आणि हातचा देणाऱ्या एकाचं शून्य. तिथून उजवीकडे वरखालचे अंक कुठेच जुळत नाहीत, म्हणून सगळे पुसले जातात.

ही मोजणी निव्वळ वर्गातली नाही. दोन संदेश किती बिटांनी वेगळे आहेत, हे ठरवताना ती लागते. इंटेल आणि एएमडीच्या प्रोसेसरांत २००७-०८ पासून तिच्यासाठी स्वतंत्र आज्ञाच आहे.

तरी कागद-पेन्सिल घेऊन १०० वर ही युक्ती करून पाहा. तिसऱ्या फेरीत शून्य यायला हवं. आणि पहिल्याच फेरीत शून्य होणाऱ्या संख्या कोणत्या, तेही शोधा.