समुपदेशनात ‘उपदेश’ नसतो

आपल्या मंडळात शब्दांवर वाद घालायची सवय आहे, म्हणून एका शब्दापासूनच सुरुवात करते. काउन्सेलिंगला आपण मराठीत ‘समुपदेशन’ म्हणतो. शब्द रुळला आहे, पण त्याच्या पोटात ‘उपदेश’ बसला आहे आणि तिथेच घोटाळा होतो. उपदेश करणारे आपल्याकडे काय कमी आहेत? आई-बाबा, आजी, मामा, शेजारची काकी, सर. आणखी एक उपदेशक कशाला, तोही मोबाइलवर, असं कोणालाही वाटेल. मात्र समुपदेशक नेमकं हेच करत नाही. तो प्रश्न विचारतो, ऐकतो आणि घरात वारंवार काय घडतं त्याचा आकार आपल्याला दाखवतो.

उदाहरण घेऊ. मुलगा बारावीत आहे. आई सारखी विचारते, ‘अभ्यास केलास?’ तो वैतागून दार लावून घेतो. दार लावलं म्हणून आईची काळजी वाढते, ती आणखी विचारते. मग तो जेवायलाही बाहेर येत नाही. आईच्या मते सुरुवात मुलाने केली, मुलाच्या मते आईने. कुटुंब-समुपदेशक ‘चूक कोणाची’ हा प्रश्न बाजूला ठेवतो आणि हे चक्र कुठे थांबवता येईल ते शोधतो. कदाचित आईने दिवसातून एकदाच, ठरलेल्या वेळी विचारायचं आणि मुलाने त्या वेळी दार उघडं ठेवायचं, एवढ्या लहान कराराने सुरुवात होते. नवरा-बायकोच्या बाबतीत एक साधा सराव देतात: एकाने बोलायचं, दुसऱ्याने उत्तर देण्याआधी ‘मला असं ऐकू आलं’ म्हणून तेच परत सांगायचं. ऐकायला पोरकट वाटतं, पण भांडणात आपण समोरच्याचं किती कमी ऐकतो ते लगेच कळतं.

कुटुंबाला उपचारात घेणं ही परदेशातून आलेली फॅशन नाही. १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या नातेवाइकांना आवारात तंबू ठोकून राहायला लावलं आणि त्यांना उपचारात सामील करून घेतलं. आपल्या गोव्यातही मोठं काम झालं आहे. १९९६ मध्ये सुरू झालेल्या ‘संगाथ’ या संस्थेने गावागावांतल्या साध्या माणसांना, ज्यांच्याकडे मानसशास्त्राची पदवी नव्हती, प्रशिक्षण देऊन समुपदेशक बनवलं. नैराश्य असलेल्यांसाठी त्यांनी सहा ते आठ बैठकांचा कार्यक्रम गोव्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत तपासून पाहिला. त्याचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. नैराश्य तर कमी झालंच, शिवाय त्या गटातल्या स्त्रियांवर जोडीदाराकडून होणारी मारहाणही कमी आढळली. म्हणजे एका माणसाला मिळालेल्या मदतीचा परिणाम घरापर्यंत पोचतो.

मग ऑनलाइन कशाला? मी नार्व्याची, त्यामुळे मला उत्तर लगेच सुचतं. बांबोळीच्या आयपीएचबीत जायचं तर फेरीबोटीने दिवाडी, तिथून दुसऱ्या फेरीने जुने गोवे, पुढे बस. नाहीतर डिचोलीकडून वळसा. अर्धा दिवस गेला. वर फेरीत ओळखीचं कोणीतरी भेटणारच आणि ‘खंय गो चल्लां?’ असं विचारणारच. ‘लोक कितें म्हणटले’ ही भीती तर घरापासूनच सोबत असते. दुसरं म्हणजे आपल्या अनेक घरांतले बाबा बोटीवर किंवा आखातात असतात. आई गावात, मुलगा हॉस्टेलवर, बाबा कुवेतला. अशा कुटुंबाला एका खोलीत बसवणं वर्षातून एकदाच शक्य होतं. व्हिडिओवर ते तिघे एकाच वेळी समोर येऊ शकतात.

पण अडचणीही आहेत. घरात खोल्या दोन आणि माणसं सहा, तर बोलायचं कुठे? इयरफोनने समोरच्याचा आवाज लपतो, आपला लपत नाही. कोणी मागच्या परसात बसून बोलतं, कोणी चॅट किंवा ईमेल निवडतं. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेची, २०१२ मध्ये सुरू झालेली ‘आयकॉल’ सेवा फोनबरोबर ईमेल आणि चॅटवरही चालते. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. १४४१६ हा तिचा नंबर. चोवीस तास, मोफत, आणि मराठीतही बोलता येतं. भाषेचा मुद्दा लहान नाही. आपण घरी कोंकणी बोलतो, मराठीत लिहितो आणि इंग्रजीत परीक्षा देतो. ‘जीव घुसमटतो’ हे इंग्रजीत सांगताना निम्मं गळून पडतं.

गुप्ततेबद्दल आपल्या ख्रिस्ती मित्रमैत्रिणींना कुमसाराची आठवण होईल. तिथली गुप्तता पूर्ण असते, कोणताही अपवाद नाही. समुपदेशकाची तशी नसते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ गुप्ततेचा हक्क देतो, पण कोणाच्या जिवाला धोका असेल तर ती मोडता येते. मुलावर लैंगिक अत्याचार होत असल्याचं कळलं तर पॉक्सो कायद्याप्रमाणे ते कळवावंच लागतं. चांगला समुपदेशक हे पहिल्याच बैठकीत सांगतो. अ‍ॅपची गोष्ट आणखी वेगळी. ‘बेटरहेल्प’ या मोठ्या थेरपी कंपनीने ग्राहकांची खाजगी माहिती जाहिरातींसाठी फेसबुक, स्नॅपचॅटसारख्यांना दिली, असा आरोप अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने केला आणि २०२३ मध्ये ७८ लाख डॉलर देऊन ते प्रकरण मिटवावं लागलं. म्हणून ‘फ्री’ दिसलं की आधी अटी वाचा.

समोरची व्यक्ती कोण हेही विचारा. त्यात उद्धटपणा काही नाही. मानसोपचारतज्ज्ञ हा डॉक्टर असतो, औषध तोच देतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. ‘काउन्सेलर’ ही पाटी मात्र चार दिवसांचा कोर्स करूनही कोणी लावलेली दिसते. शिक्षण काय, नोंदणी कुठे, फी किती, टिपणं कोण बघतं आणि मध्यरात्री गरज पडली तर काय, हे पाच प्रश्न पुरेत. अल्पवयीन मुलाला ऑनलाइन डॉक्टरकडे दाखवताना मोठं माणूस सोबत असावं लागतं, हा २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांचा नियम आहे.

आणि काही ठिकाणी ऑनलाइन जोडीने बसूच नये. घरात मारहाण होत असेल, नवरा फोन तपासत असेल, तर एकत्र व्हिडिओ-बैठकीत बायको खरं बोलू शकत नाही. बोलली तर कॉल संपल्यावर त्याची किंमत तिलाच मोजावी लागते. अशा वेळी १८१ ही महिला हेल्पलाइन, मुलांसाठी १०९८, आणि जीव धोक्यात असेल तर ११२. जीव द्यायचं कोणी बोलत असेल तर त्याला एकटं सोडू नका. अ‍ॅपची अपॉइंटमेंट गुरुवारी आहे म्हणून गुरुवारपर्यंत थांबायचं नसतं.

एवढं सगळं वाचून कोणाला घरी विषय काढायचा असेल, तर ‘तुला काउन्सेलिंगची गरज आहे’ असं म्हणू नका. ते बोट दाखवल्यासारखं होतं. ‘आपलं दोघांचं हल्ली पटत नाही, मला त्रास होतोय, आपण मिळून कोणाशी तरी बोलूया?’ असं म्हणून बघा. समोरचा नाही म्हणाला तरी तुम्ही एकट्याने सुरुवात करू शकता. चक्रातल्या एकाने पाऊल बदललं की दुसऱ्यालाही आपलं पाऊल बदलावं लागतं. हे पाऊल बहुतेक घरांत मुलंच आधी टाकतील, कारण फोन आणि तो वापरायची सवय दोन्ही आपल्याकडे आहे.