एका गिअरची सायकल: कमी पैशात निवडा, आपल्या कामापुरती घडवा

आजचा विषय सायकलचा आहे, पण हिशेब धंद्याचा आहे. तुम्ही डबे पोहोचवता, किराणा घरपोच देता किंवा रोज दुकानापर्यंत जाता-येता, तर शेवटपर्यंत वाचा.

धंदा सुरू करताना बहुतेक जण पहिलं काय करतात? हप्त्यावर गाडी घेतात. म्हणजे धंद्याचा पहिला रुपया यायच्या आधीच हप्त्याची तारीख ठरलेली असते. माझ्या दुकानात अशी पोरं नेहमी येतात. मी त्यांना एकच विचारतो, "भाऊ, रोज जायचंय किती आणि वजन किती?" उत्तर बहुतेक वेळा गावातल्या गावात पंधरा किलोमीटर आणि दहा-बारा किलो असंच असतं. एवढ्याला सिंगल स्पीड सायकल पुरते.

सिंगल स्पीड म्हणजे काही नवीन फॅशन नाही. दूधवाल्याची ती काळी उंच सायकल आठवा. पुढे एक चेनव्हील, मागे एक फ्री व्हील, संपलं. गिअर बदलायची भानगड नाही, तार तुटायची भीती नाही. आणि आपलं शेगाव पडतं घाटाखाली, पूर्णेच्या सपाट खोऱ्यात. बुलढाणा-चिखलीकडे, घाटावर राहत असता तर मी गिअरची घ्या म्हटलं असतं. इथे गरज नाही.

जुनी घेताना काय बघायचं?

पहिली फ्रेम बघा. जिथे पाइप जोडलेत तिथे रंग फुगलाय का, चीर आहे का, हे बोट फिरवून बघा. चिमटा वाकलेला असेल तर सायकल सोडून द्या, कितीही स्वस्त असली तरी. मग चाक उचलून फिरवा. थोडा आऊट असेल तर काढता येतो, पण रिमला खड्डा पडला असेल तर रिमचा खर्च धरा.

तिसरी गोष्ट, मागच्या चाकाची खाच. काळ्या सायकलला ती आडवी असते, म्हणून चाक मागे सरकवून चेन ताणता येते. गिअरच्या सायकलला बऱ्याचदा ती उभी असते. तिची सिंगल स्पीड करायची तर चेन ताणायला वेगळा पार्ट लागतो.

कंपनीच्या नावाला फार घाबरू नका. अ‍ॅटलसने साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ला, नेमका जागतिक सायकल दिनी बंद केला. तरी जुन्या अ‍ॅटलसला आजही चेन, फ्री व्हील, छर्रे कुठल्याही दुकानात मिळतात, कारण काळ्या सायकलचे बरेच पार्ट एकमेकांना बसतात. नवीन घेणार असाल तर पक्कं बिल मागा. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकल आणि पार्टवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय.

दात मोजा, दम वाचवा

पुढे ४४ दात, मागे १८. म्हणजे पॅडलची एक फेरी मारली की चाक जवळपास अडीच वेळा फिरतं. २८ इंची चाकाचा घेर साधारण २.२ मीटर, म्हणून एका फेरीत सायकल सुमारे ५.४ मीटर पुढे जाते. मिनिटाला ७० फेऱ्या मारल्या तर ताशी २२-२३ किलोमीटर. रिकाम्या सायकलला हे मस्त आहे.

पण मागे डबे असतील आणि समोरून वारा असेल तर गुडघे बोलायला लागतात. मग फक्त फ्री व्हील २० दातांचं टाका. त्याच फेऱ्यांमध्ये वेग २० वर येईल, पण सुरुवात हलकी होईल. गुरुवारी किंवा प्रगट दिनाला स्टेशन ते मंदिर रस्त्यावर दर दहा पावलांवर थांबावं लागतं. तिथे वेगापेक्षा ही हलकी सुरुवात कामाची. फ्री व्हील बदललं की चेनची लांबी आणि ताण पुन्हा बघा. मधोमध बोटाने दाबली की अर्धा इंच हलली पाहिजे, जास्त नाही.

सीटची उंचीही नीट करा. पॅडल खाली असताना टाच ठेवली की पाय सरळ झाला पाहिजे. याला एक रुपया लागत नाही, पण दिवसभराचा थकवा कमी होतो.

फिक्सीचं काय?

हल्ली पोरं व्हिडिओ बघून फिक्स गिअर मागतात. यात फ्री व्हील नसतं, चाक फिरतंय तोवर पॅडल फिरतच राहणार. ट्रॅकवरच्या शर्यतीची ही सायकल. तिला हब वेगळा लागतो, त्यावर उलट्या आट्यांची लॉकरिंग बसते. साध्या हबवर चक्री घट्ट करून किंवा फ्री व्हील वेल्डिंगने जाम करून "फिक्सी" बनवली, तर पॅडलने उलटा जोर देताच आटे सुटू शकतात. ब्रेक काढलेला असेल तर थांबणार कसं? असं काम मी हातात घेत नाही. गिऱ्हाईक गेलं तरी चालेल. तुमचंही सायकलचं दुकान असेल तर हा नियम भिंतीवर लिहून ठेवा.

साध्या सायकललाही पुढचा-मागचा दोन्ही ब्रेक हवेतच. आणि स्टीलची रिम पावसात ओली झाली की ब्रेक उशिरा लागतो, म्हणून आधीपासून दाबायला सुरुवात करा.

आता हिशेब

आकडे नमुन्याचे आहेत, तुमच्या बाजारभावाने बदला. जुनी सायकल १,५००, चेन आणि फ्री व्हील ४००, टायर-ट्यूबची जोडी ९००, ब्रेकचं काम २००, छर्रे-ग्रीस-ओव्हरहॉलिंग ४००, कॅरिअर आणि क्रेट ३००, लाइट-घंटी-रेडियम ३००. एकूण ४,०००.

दुसरीकडे गाडी. रोज १५ किलोमीटर, महिन्याला २६ दिवस म्हणजे ३९० किलोमीटर. ४५ चं अ‍ॅव्हरेज धरलं तर पावणेनऊ लिटर पेट्रोल, म्हणजे जवळपास ९०० रुपये. सायकलच्या देखभालीला महिना १५० बाजूला ठेवा. उरले ७५०. सहाव्या महिन्यात सायकल फुकट झाली, आणि हप्ता तर नव्हताच.

सायकल सगळीकडे चालत नाही, हेही सांगतो. रोज खामगाव करायचं असेल, तर जाऊन-येऊन तीस-पस्तीस किलोमीटर होतात, गाडी लागेल. मे महिन्यात दुपारी पारा ४५ च्या घरात असताना डबे घेऊन फिरू नका. सकाळच्या आणि संध्याकाळच्या ऑर्डर घ्या. धंदा वाढला की गाडी जरूर घ्या, पण धंद्याच्या पैशातून.

या आठवड्याचं काम: सात दिवस रोजचे किलोमीटर आणि वजन वहीत लिहा. आठव्या दिवशी ती वही घेऊन जवळच्या सायकलवाल्याकडे जा. कोणती सायकल घ्यायची ते तुमची वहीच सांगेल.