पिकल्या मिशीचा पोऱ्या

"ए पोऱ्या, चार नंबरवर फडकं मार!"

चाळीसगाव स्टेशनबाहेरच्या हॉटेलात गल्ल्यावरून हाक आली आणि जो पुढे झाला त्याच्या मिशा पांढऱ्या होत्या. गल्ल्यावरचा मुलगा पंचविशीतला. एवढ्यासाठीच मी पुन्हा तिथं जाऊन बसलो.

सकाळी धुळ्याची गाडी लागायच्या आधी गर्दी उसळते. पाणी ठेवायचं, ऑर्डर आत ओरडायची, कपबश्या उचलायच्या, निघालेल्या गिऱ्हाइकाचे पैसे गल्ल्याला ओरडून सांगायचे. या सगळ्यावर तरंगत असतो ओल्या फडक्याचा वास. आंबूस, चहाचा, तेलाचा. त्या फडक्यानं टेबल स्वच्छ होतं यावर माझा विश्वास नाही, पण ते फिरल्याशिवाय गिऱ्हाईक बसत नाही.

"भरेल नऊ कप न्यायचो एका हातात," पांढऱ्या मिशीवाले म्हणाले. बशीवर बशी, कोपरापर्यंत. मी सहा मोजले. "आता सहाच. पण नऊ न्यायचो," असं त्यांनी मला निदान तीनदा ऐकवलं. त्या नऊ कपांचा पगार किती होता, हे विचारल्यावर हसले. पोऱ्याला जेवण मिळायचं, झोपायला बाकडं मिळायचं; पगार घरचं कुणी येऊन घेऊन जायचं.

१९८६च्या बालकामगार कायद्यातल्या बंदीच्या यादीत हॉटेलं नव्हती. १० ऑक्टोबर २००६पासून हॉटेलं, ढाबे आणि घरकाम यांत चौदा वर्षांखालच्या मुलांना ठेवायला बंदी आली. गल्ल्यामागे पाटी आहे, 'येथे बालकामगार काम करीत नाहीत'. पाटी खरी आहे. पोरं गेली, पोऱ्या राहिला. आणि पोऱ्या म्हटलं की पोऱ्याचाच पगार देता येतो, ही सोय मालकाला चांगली कळते. गिऱ्हाईकही काही कमी नाही. 'काका' म्हटलं तर दुसऱ्यांदा पाणी मागायला जीभ अडखळेल.

मधे काही वर्षं ते एका टॉकीजवर बॅटरीवाला होते. तो विषय निघाला आणि ताठ झाले. दिवे गेल्यावर उशिरा आलेल्यांना खुर्चीपर्यंत न्यायचं. झोत पायाशी ठेवायचा, कुणाच्या तोंडावर मारायचा नाही. कोण कुणाबरोबर आलंय, हे बाहेर बोलायचं नाही.

"तठे मोठमोठा लोके मना मांगे चालेत," ते म्हणाले. वकील, डॉक्टर, फौजदार, सगळे मुकाट मागे.

आता ज्याच्या त्याच्या खिशात मोबाइलची बॅटरी आहे. ते परत फडक्यावर आले.

त्यांचा मुलगा पुण्यात मोठ्या हॉटेलात आहे. काळा शर्ट, छातीवर नावाची पट्टी. "मग नावानं हाक मारत असतील?"

"छे! बॉस म्हणतात. बॉस, पाणी आण. बॉस, टेबल पूस."