तंजावरची मराठी घराणी आणि डेन्मार्कमधील मोडी कागद

संत कान्होराज पाठकांच्या केंदुरात, किंवा शिरूर तालुक्यातील अशाच एखाद्या जुन्या गावात, कोणास पूर्वजांचा वृत्तांत विचारला असता तो मिरासीची जमीन, वतनाचा एखादा जीर्ण कागद आणि त्र्यंबकेश्वरी तीर्थोपाध्यायांच्या वहीत वाडवडिलांनी नोंदविलेली नावे सांगून स्वस्थ होतो. परंतु त्याच कुळाच्या ज्या शाखा देश सोडून परमुलखी वसल्या, त्यांचे पुढे काय झाले हा प्रश्न त्याच्या मनास क्वचितच शिवतो. ही उपेक्षा मला फार खेदाची वाटते.

अशा स्थलांतरांत तंजावरचे स्थलांतर विशेष लक्षणीय होय. सन १६७५-७६ च्या सुमारास व्यंकोजीराजे भोसल्यांनी तेथे राज्य स्थापिले, आणि त्यांच्या व त्यांच्या वंशजांच्या आश्रयाने शिलेदार, कारकून, शास्त्री आणि कीर्तनकार कावेरीच्या काठी स्थिरावले. १८५५ साली इंग्रजांनी ते राज्य खालसा केले. भाषा मात्र घरात टिकली. तमिळ वळण घेतलेली मराठी बोलणाऱ्या या घराण्यांतून कुलदैवत व गोत्र जतन झाले, पण पुष्कळ ठिकाणी आडनाव मागे पडून नावापुढे केवळ ‘राव’ राहिल्यामुळे मूळ गाव शोधणे कठीण होऊन बसले. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या आयोवा प्रांतात शेती करण्यास गेलेल्या डॅनिश कुटुंबांच्या वंशजांसही हीच अडचण येते. कारण त्यांच्या देशात पेडर जेन्सनचा पुत्र हान्स हा हान्स पेडरसन होई, आणि पिढीगणिक नाव पालटे. त्यांना तारतात त्या सतराव्या शतकापासून ठेवलेल्या चर्चच्या नोंदवह्या.

डॅनिश लोकांचा तंजावराशी संबंध तर प्रत्यक्षच आहे. १६२० साली तंजावरच्या रघुनाथ नायकाशी करार करून त्यांनी तरंगमबाडीस वखार व डान्सबोर्ग किल्ला उभारला, पुढे मराठे राज्यकर्ते झाल्यावर त्यांच्याशी व्यवहार ठेवला, आणि १८४५ मध्ये ते ठाणे इंग्रजांस विकले. या दीर्घ शेजाराची साक्ष म्हणून तंजावरचे मोडी कागद डेन्मार्कमधील संग्रहांत जपलेले असून, एलिझाबेथ स्ट्रँडबर्ग या विदुषीने ते अभ्यासून १९८३ साली प्रसिद्ध केले. आपल्या लिपीचे कागद इतक्या दूर इतक्या निष्ठेने वाचले जावेत, ही गोष्ट मनास सुखावणारी आहे.

खुद्द तंजावरात सरफोजीराजांनी १८०३ मध्ये भोसले कुळाचा इतिहास बृहदीश्वराच्या भिंतीवर मराठीत कोरविला, आणि सरस्वती महाल ग्रंथालयात दरबारच्या मोडी कागदांचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, आहेत. परंतु राजकुळाचा वृत्तांत शिळेवर येतो, सामान्य शिलेदाराचा तसा येत नाही. त्याचे नाव जमाखर्चात, इनामाच्या सनदेत किंवा तक्रारअर्जात सापडले तर सापडते.

इकडे देशावर १८५२ च्या कायद्यान्वये इनाम कमिशनपुढे वतनदारांनी हक्काच्या सिद्ध्यर्थ दिलेल्या कैफियतींत वंशावळी आहेत, आणि पुण्याच्या पेशवे दप्तरात गावोगावचे कागद आहेत. तंजावरच्या एखाद्या रावाने गोत्र, कुलदैवत आणि आजीच्या तोंडून ऐकलेले अर्धवट ग्रामनाम घेऊन पुण्यास यावे, आणि इकडील भाऊबंदांनी आपल्या माळ्यावरचे रुमाल मोडी जाणणाऱ्याकडून वाचवून घ्यावेत; दोन्ही बाजूंचे कागद एकत्र ठेवल्यावाचून तुटलेली वंशशाखा जुळणार नाही.